अंग आंबलं, आमसूल भिजवलं: प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी विषय एकदाचा मान्य केला. शीर्षकात मी 'स्नायूंची भरपाई' लिहिलं होतं. त्यावर त्यांनी लाल रेघ मारली, म्हणाल्या, "भरपाई विमा कंपनी देते." आता 'व्यायामानंतर स्नायू पूर्वपदावर येणे आणि आहारातली वनस्पतीजन्य रंगद्रव्ये' असं काहीतरी लांबलचक झालंय. चालेल.

मूळ खूळ आंबट चेरीचं. २००६ मध्ये १४ कॉलेजवयीन मुलांवर एक प्रयोग झाला होता. रोज दोनदा १२ औंस, म्हणजे साधारण ३५५ मिली चेरीचं मिश्रण, सलग आठ दिवस. चौथ्या दिवशी दंडाचा जबरदस्त व्यायाम. नंतर नकली पेय पिणाऱ्यांच्या हाताची ताकद २२ टक्के घटली, चेरीवाल्यांची फक्त ४ टक्के. २०१० मध्ये लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंवरही असाच प्रयोग झाला, तिथेही चेरी पिणाऱ्यांची ताकद लवकर परत आली. तेव्हापासून परदेशी खेळाडूंच्या पिशवीत ही बाटली असते. पुण्यात ती मिळते, पण एका बाटलीच्या पैशात आमच्या फ्लॅटची आठवड्याची भाजी येते.

चेरीचा लाल रंग सायनिडिन गटाच्या अँथोसायनिनचा, म्हणजे वनस्पतीतल्या लाल-निळ्या रंगद्रव्याचा. कोकमाचा लाल रंगही सायनिडिनचाच, फक्त त्याला चिकटलेली साखर वेगळी. मग कोकम का नको? प्रकल्प एवढाच आहे.

१२ जानेवारी

आत्या मालवणहून आली. येताना आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, दोन बाटल्या आणि बिनमिठाची आमसुलं घेऊन आली. तिला प्रकल्प समजावून सांगितला. शांतपणे ऐकून म्हणाली, "अंग आंबलेल्या माणसाला आंबट पाजणार तू?"

मी गप्पच झाले. आपल्याकडे खरंच अंग 'आंबतं'. दुखरं अंग असलं की दही, चिंच, लोणचं बंद. सकाळी तळजाई टेकडीवर आमच्या धावण्याच्या ग्रुपच्या कोच सरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, वर शास्त्रीय पुस्ती जोडली: "लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं ना!" साचत नाही, सर. पळताना वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्याच अ‍ॅसिडचं रक्तातलं रूप, तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. चोर सोमवारी गाव सोडून गेला आणि चोरी बुधवारी झाली, असं कसं होईल? १९०२ मध्येच थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं की हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटाफुटीचं असावं.

हे सगळं सरांना सांगितलं नाही. सराव चालू होता.

१९ जानेवारी, रविवार

सिंहगड. आतकरवाडीतून चौघं वर, पहाटे साडेपाचला. मी, रूममेट, कॉलेजातला एक सीनिअर आणि ग्रुपमधले काका. चढताना धाप लागते, पण स्नायूंची खरी वाट उतरताना लागते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो: ताणला जात असतानाच जोर लावतो. अशा कामात त्याचे धागे सर्वात जास्त दुखावतात. म्हणून आम्ही मुद्दाम पळत उतरलो. वर दही आणि पिठलं-भाकरीवाल्या मावशींनी बोलावलं, थांबलो नाही. हा या प्रकल्पातला सर्वात मोठा त्याग.

दोघांना चार दिवस आधीपासून कोकम, दोघांना नुसतं पाणी. तीन आठवड्यांनी अदलाबदल करायची. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होणार, म्हणजे कमी माणसांत काम भागेल. फार हुशार वाटतंय स्वतःला.

२१ जानेवारी

उकिडवं बसता येत नाही. फ्लॅटच्या संडासाबद्दल यापुढे काही लिहीत नाही.

दुखणं मोजायला १०० मिलीमीटरची आडवी रेघ. डावं टोक 'काहीच नाही', उजवं टोक 'असह्य'. खुर्चीवरून उठताना जे वाटेल तिथे खूण करायची. माझी खूण ७१ वर. काकांची १८ वर. काका ५८ वर्षांचे आहेत आणि दर रविवारी गड करतात.

हौसेनं रक्ताची क्रिएटिन कायनेज तपासणीही करून घेतली. दुखावलेल्या स्नायूतून हे द्रव्य रक्तात झिरपतं. रिपोर्टवर ते 'सीपीके' म्हणून आलं, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. रिपोर्ट चुकून घरच्या ग्रुपवर गेला. दहा मिनिटांत आईचा फोन, "हार्टचं आहे का गं?" पूर्वी हृदयविकारासाठी ही तपासणी करायचे, तिच्या डोक्यात तेच. आता त्यासाठी ट्रोपोनिन बघतात, हे पटवायला अर्धा तास गेला. ही तपासणी प्रकल्पातून बाद. पैसे तर लागतातच, शिवाय माणसामाणसांत ती इतकी कमीजास्त होते की आमच्यासारख्या मूठभर लोकांत काहीच कळणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सिंहगड. तीच वाट, तोच वेग. ज्यांना पाणी होतं त्यांना कोकम, ज्यांना कोकम होतं त्यांना पाणी.

११ फेब्रुवारी

कोणालाच फारसं दुखत नाहीये. पाणीवाल्यांनाही नाही. माझी खूण २६ वर.

संध्याकाळी चेरीचा तो २००६ चा लेख पुन्हा काढला. पद्धतीच्या भागात एक वाक्य आहे, ज्यावरून माझी नजर चार वेळा घसरून गेली होती: दुसऱ्या फेरीत त्यांनी व्यायाम दुसऱ्या हातानं करून घेतला. कारण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे स्वतःला सांभाळतो. तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणं आपोआप कमी. २२ आणि ४ हे आकडे मला पाठ होते, हे वाक्य नव्हतं.

सिंहगड एका पायानं उतरता येत नाही.

१३ फेब्रुवारी

मॅडमसमोर उभी राहिले. आधी वाटलं होतं चुकीवर बोलतील. त्या बोलल्या वेगळ्याच गोष्टीवर: नैतिकता समितीची परवानगी नसताना चौघांना गडावरून पळवलंस कसं? "आम्ही आपापल्या हौसेनं..." म्हटल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढणं म्हणजे शेवटची पायरी. हे आकडे प्रबंधात कुठेही येणार नाहीत, ते बरोबरच आहे. इथे लिहिलेत ते स्वतःसाठी.

ठरलं ते असं. प्रत्येक माणूस एकदाच, दोन वेगळे गट. गडाऐवजी ६० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून खाली उडी आणि लगेच वर उडी: २० उड्यांचे पाच संच, दोन उड्यांमध्ये १० सेकंद, दोन संचांमध्ये दोन मिनिटं. ही पद्धत रुळलेली आहे, कॉलेजच्या मैदानात होईल. आणि दर रविवारी गड करणारे नकोत. काकांची मांडी कधीच शहाणी झालेली आहे.

२० फेब्रुवारी

संमतीपत्र मराठीत लिहिणं हे प्रयोगशाळेपेक्षा अवघड निघालं. इंग्रजी मसुद्यात 'मसल सोअरनेस' आहे. 'स्नायूवेदना' लिहिलं तर लोक विचारतात, म्हणजे पायात गोळे येतात ते? नाही. गोळा वेगळा: स्नायू अचानक आवळतो आणि थोड्या वेळानं सुटतो. लचक वेगळी. पोटऱ्या भरून येणं बरंचसं जवळ, पण ते त्याच दिवशीचं. शेवटी सरळ लिहिलं: 'एक-दोन दिवसांनी मांड्या आंबतील.' पहिल्याच वाचनात सगळ्यांना कळलं. आत्याचा शब्द जिंकला. फक्त त्याखाली एक ओळ वाढवावी लागली: 'इथे आंबणे याचा आंबट खाण्याशी संबंध नाही.'

दुसरी अडचण चहाची. असे बरेच प्रयोग करताना सहभागी लोकांना चहा, कॉफी, चॉकलेट, फळं बंद करायला सांगतात, म्हणजे पॉलिफेनॉल (अँथोसायनिन ज्यात मोडतं तो वनस्पतीजन्य द्रव्यांचा मोठा गट) फक्त बाटलीतूनच जावं. पुण्यात धावणाऱ्या सोळा जणांना आठ दिवस चहा सोडा म्हणायचं? तीन जण तिथल्या तिथे उठले असते. शिवाय मग ते माणूस नेहमी जे खातो त्यावरचं उत्तर उरत नाही. चहा, कांदा, ज्वारी, गूळ-शेंगदाणे, फोडणीतली हळद हे सगळं आपल्या ताटात रोजच आहे. त्यावर कोकमानं काही भर पडते का, हा माझा प्रश्न. म्हणून चहा बंद नाही, मोजायचा. वहीत कपांची संख्या आणि आलं घातलं होतं का ते. आल्यावर चांगलं काम आहे: २०१० मध्ये रोज दोन ग्रॅम आलं ११ दिवस दिल्यावर दंडाचं दुखणं कच्च्या आल्यानं २५ टक्के आणि उष्णता दिलेल्या आल्यानं २३ टक्के कमी झालं होतं. म्हणजे उकळल्यानं फार काही बिघडत नाही. पण दोन ग्रॅम रोज, अकरा दिवस. टपरीवरच्या कपात एक चेचलेला तुकडा दहा जणांत वाटला जातो.

हळदीचाही हिशेब मांडला, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. दिवसाला अर्धा चमचा हळद, म्हणजे दीड ग्रॅम धरू. त्यात साधारण तीन टक्के कर्क्युमिन आणि त्याची भावंडं, म्हणजे ४५ मिलीग्रॅम. दुखण्यावरच्या प्रयोगांत दिलेल्या मात्रा बहुतेक शेकडो मिलीग्रॅम ते काही ग्रॅम. वर ते आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलीग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्याचं सत्त्व, दिलं आणि शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा आता प्रत्येक गोळीच्या डबीवर दिसतो. पण मूळ आकडाच नगण्य होता. नगण्याची वीसपट म्हणजे किती, हे डबीवर छापत नाहीत. आणि मिरं इतर औषधांचंही शोषण वाढवू शकतं, तेही नाही.

गोळ्यांवरून आठवलं: क जीवनसत्त्वाच्या १००० मिलीग्रॅमच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना वगळायचं. २००९ च्या जर्मन प्रयोगात क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांमुळे व्यायामाचा इन्सुलिनवरचा फायदाच बुजला होता. व्यायामानं होणारी थोडी जाळपोळ हीच शरीराला 'सुधार' म्हणून सांगणारी हाक असते, ती विझवून टाकायची नाही. आवळा खाणारे चालतील.

४ मार्च

प्रयोगशाळा. दिवसभर आमसुलं.

आगळ बाद, मीठ फार. सरबताचा पाक बाद, साखर फार. बिनमिठाची आमसुलं रात्रभर भिजवून गाळायची, एवढंच. ३० ग्रॅम आमसूल, ३०० मिली पाणी. एक गार पाण्यात, एक कोमट, एक उकळून. उकळलेलं सगळ्यात गडद दिसतं, म्हणून मी त्याच्याच बाजूची होते.

अँथोसायनिन मोजायची रीत मला फार आवडते. तोच अर्क दोन भांड्यांत: एकात पीएच १, म्हणजे कडक आम्ल, दुसऱ्यात ४.५, म्हणजे सौम्य. पहिल्यात भडक लाल, दुसऱ्यात रंग जवळजवळ विरून जातो. दोन्हीतून ५२० आणि ७०० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा, वजाबाकी करायची. जो रंग आम्ल बदलल्यावर विरतो तोच खरा अँथोसायनिन. तपकिरी पडलेला, मेलेला रंग दोन्हीकडे तसाच राहतो, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. उकळलेला अर्क डोळ्यांना गडद, पण वजाबाकीत कोमट पाण्याच्या मागे. आणि आत्याच्या दोन बाटल्यांपैकी मागच्या वर्षीचं आगळ? त्याचा लाल जवळपास सगळा वजा झाला. गंमत म्हणजे फोलिन नावाच्या दुसऱ्या चाचणीत तेच आगळ छान दिसत होतं, कारण ती चाचणी फिनॉल, क जीवनसत्त्व, जे काही इलेक्ट्रॉन देईल ते सगळं एकाच पोत्यात भरते. 'एकूण अँटिऑक्सिडंट' असं डब्यावर लिहितात ते अनेकदा असंच पोतं असतं.

कोमट पाणी ठरलं.

१६ मार्च, रविवार

नकली कोकम. सायट्रिक अ‍ॅसिड, साखर, खायचा लाल रंग, जिऱ्याची पूड. सातव्या प्रयत्नात रंग जुळला. रूममेटला ओळखता आलं नाही. कोच सरांनाही नाही.

आत्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला नाही. "घसा आंबट झाला, दात नाही आंबले. ह्यात रातांबा नाही."

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. आणि दात! कोकमानं दात आंबतात, जीभ जराशी खरखरते. ते टॅनिनचं काम, नुसत्या आम्लाचं नाही. थोडा काळ्या चहाचा अर्क घालून पाहिला. जवळ आलं, पण मग नकली पेयातही पॉलिफेनॉल आले. काढून टाकला. सहभागींमध्ये कोकणातलं कोणी नाही ना, एवढं पाहिलं.

२ एप्रिल

समितीची मंजुरी आली. दोन दुरुस्त्या: दुखणं जास्त झालं तर कोणाला फोन करायचा ते लिहा, आणि 'पेयामुळे फायदा होईल' हे वाक्य काढा. दुसरी दुरुस्ती वाचून लाजले. पाडव्याला परवाच सगळ्यांची श्रीखंडपुरी झालेली असल्यामुळे सुरुवात आठवडाभर पुढे.

९ एप्रिल

सोळा जण. बाटल्यांवर नुसते आकडे, कोणत्या आकड्यात काय याची यादी पाकिटात, पाकीट प्रयोगशाळेतल्या मावशींच्या कपाटात. मलाही माहीत नाही, मॅडमनाही नाही.

१० एप्रिल

संपलं.

सहभागी क्रमांक ११ केमिकल इंजिनिअर आहे. काल रात्री त्यानं स्वयंपाकघरात स्वतःच्या बाटलीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. खरा अँथोसायनिन सोड्यात लालाचा निळा-हिरवा होतो, खायचा रंग लालच राहतो. त्याची बाटली लाल राहिली. मग त्यानं शेजारच्या इमारतीतल्या क्रमांक ४ ची बाटली आणून तीही तपासली, ती गढूळ निळी झाली. दोन्ही पेल्यांचा फोटो ग्रुपवर. खाली लिहिलंय, 'मला पाणी पाजतायत राव'.

४ मार्चला मी जे दिवसभर करत होते तेच त्यानं ओट्यावर दोन मिनिटांत केलं. राग यायला हवा होता, पण फोटो छान आला होता.

उड्या अजून झालेल्या नव्हत्या, तेवढं वाचलं. मांड्या कोऱ्याच आहेत.

१२ एप्रिल

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, खोटं पेय करूच नकोस. दोन्हीकडे खरं दे, एकात भरपूर, एकात नावाला. एका बाटलीला ३० ग्रॅम आमसूल, दुसरीला ३ ग्रॅम, आंबटपणा आणि रंग वरून जुळवून. सोडा टाकला तर दोन्ही गढूळ होतील. दातही दोन्हीकडे थोडेफार आंबतील. प्रश्न आता 'कोकम की काहीच नाही' असा नाही, 'जास्त कोकम की कमी' असा आहे. बदलाचं पत्र समितीला गेलं. क्रमांक ११ ला वगळलं. तो मदतनीस म्हणून येतो म्हणाला, त्याला खोकी उचलायला ठेवलं.

२७ एप्रिल, रविवार

उड्यांचा दिवस, सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर ऊन चटके देतं. लग्नसराईमुळे एक जण आलाच नाही. उरले चौदा. चेरीच्या प्रयोगातही चौदाच होते, पण हा शुभशकुन मानायला मॅडमनी मनाई केली आहे.

साठाव्या उडीपर्यंत सगळे हसत होते. नव्वदीनंतर कोणी बोलत नव्हतं. एका मुलीचा खाली आल्यावर वर उडण्याआधीचा वेळ वाढत गेला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. तेच पाहायचं होतं. दोन दिवस दर सकाळी जागच्या जागी वर मारलेल्या उडीची उंची, खुर्चीतून उठतानाची रेघ, आणि झोप किती तास.

२९ एप्रिल

रेघांवरच्या खुणा १२ पासून ८३ पर्यंत. एकाच व्यायामानं. ८३ वाली काल चार तास झोपली होती, ऑफिसचं काम. १२ वाला जिना उतरून बसनं जाणारा, पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट चार महिने बंद. हे मी विचारलंच नव्हतं अर्जात. जिने मोजायला हवे होते.

क्रमांक ७ मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला खरंच वाटतंय की मला जास्तवालं मिळालंय. अंग हलकं आहे." क्रमांक ९ म्हणाला, "आंबट पिऊन माझं जास्तच दुखतंय, आईनं सांगितलं होतं." दोघांचं लिहून घेतलं.

११ मे, रविवार

पाकीट मावशींनी फोडलं. जास्त कोकमवाल्या सात जणांचे ठिपके लाल, कमीवाल्यांचे काळे. आलेखावर ते एकमेकांत मिसळले. उडीच्या उंचीत लाल ठिपके किंचित वर दिसतात, पण त्यातला एक पाचव्या मजल्यावाला आहे. त्याला बोटानं झाकलं की 'किंचित' जातं.

क्रमांक ७ ला तीन ग्रॅमवालं होतं. क्रमांक ९ लाही.

मॅडमनी निष्कर्षाच्या पानावर माझं 'फरक नाही' खोडून 'फरक दिसला नाही' केलं. चौदा माणसांत छोटा फरक असता तरी दिसला नसता, हे खाली लिहायला लावलं. जिन्यांचा मुद्दा मर्यादांमध्ये पहिला टाकला. पुढच्या बॅचच्या मुलीला एका पायाचा व्यायाम सुचवला आहे, दुसऱ्या फेरीत दुसरा पाय. तिला २००६ च्या लेखातलं ते वाक्य पिवळ्या शाईनं रंगवून दिलं.

उरलेली अडीच किलो आमसुलं प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये जागा अडवतात म्हणून आज घरी आणली. आत्याचा फोन आला, रातांबे उतरायला लागलेत, पाऊस यायच्या आत सोलून वाळवायचेत, बाटल्या रिकाम्या झाल्या असतील तर धुऊन पाठव. बारा बाटल्या धुतल्या. दोन गेल्या कुठे ते क्रमांक ११ ला विचारायचंय.